पाडव्याचा फ्रीज, अक्षय तृतीयेला थंड

आधी तारे वाटून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. फ्रीजला पाचापैकी चार. दुकानाला दोन. कंपनीच्या सर्व्हिसला एक, तोही फोनवर न चिडता बोलणाऱ्या त्या पोरीसाठी. नावं लिहीत नाही, प्रकरण मिटलंय. पण मिटायला बरोबर तीस दिवस लागले, ते कसे गेले ते ऐका.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते, घरून श्रीखंड-आम्रखंडाच्या ऑर्डरी घेते. पाडवा ते अक्षय तृतीया हाच माझा सीझन. जुना एकदारी फ्रीज सतरा वर्षांचा झालेला, रात्री ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा वाजायचा. पाडव्याचं श्रीखंड त्यातूनच निभावलं, आणि सगळे डबे गेल्यावर, ३० मार्च २०२५ला दुपारी, मुहूर्तावर नवा दोनदारी फ्रीज घेतला. बिल ३८,५०० रुपये, डिलिव्हरीसह. जुन्याचे पंधराशे वजा. वर दोन वर्षांची वाढीव वॉरंटी २,७९९ रुपयांना गळ्यात मारली. ती कंपनीचं पहिलं वर्ष संपल्यावर सुरू होते, हे मला घरी येऊन बारीक अक्षरांत कळलं.

संध्याकाळी सातला टेंपो आला. लिफ्ट नाही, दुसरा मजला. दोन पोरांनी फ्रीज वर आणला, घामाघूम झाली बिचारी. मी सरबत करायला आत गेले तेवढ्यात बाहेरून आवाज, "काका, सही करा ना, अजून चार ठिकाणी जायचंय."

काका म्हणजे आमचे सासरे, अण्णा. मिरज जंक्शनला मालधक्क्यावर क्लार्क होते, आता वय एक्क्याऐंशी. त्यांनी सही केली नाही. चष्मा मागितला, बॅटरी मागितली, खोक्याभोवती एक फेरी मारली. खालचा कोपरा फाटलेला, आतला थर्माकोल चेपलेला. "खोका काढा," म्हणाले. काढला, तर डाव्या अंगाला गुडघ्याच्या उंचीवर तळहाताएवढा पोचा.

चलनावर छापलेलं होतं, 'माल सुस्थितीत मिळाला'. अण्णांनी ती ओळ एक रेघ मारून खोडली आणि खाली लिहिलं, 'खोका खालच्या कोपऱ्यात फाटलेला. डाव्या अंगाला पोचा. हरकत नोंदवून माल घेतला.' तारीख, वेळ, सही. पोरगा रडकुंडीला आला, "काका, असलं लिहिलं तर शेठ आमच्या पगारातनं कापतात." अण्णा म्हणाले, "शेठला सांग, म्हाताऱ्यानं ऐकलं नाही." मला तेव्हा खरंच लाज वाटली. सणाचा दिवस, पोरं दमलेली, आणि एका पोच्यासाठी एवढं पुराण. तरी चलनाचा फोटो काढला आणि पिवळी प्रत बिलाला टाचली, ती केवळ अण्णा उभे होते म्हणून.

दुकानाला फोन केला. शेठ म्हणाले, "वहिनी, ती बाजू भिंतीकडं करा, दिसणारच नाही. वर स्टँड फुकट देतो." आणि मी हो म्हटलं. आठशेचा स्टँड फुकट मिळाला म्हणून खूशही झाले. हा माझा गाढवपणा, पुढं नडला. जुना फ्रीज पोरं त्याच टेंपोतून घेऊन गेली होती, तेही लक्षात ठेवा.

दहा दिवस फ्रीज झकास चालला. ९ एप्रिलला सकाळी बर्फाचे साचे पाहिले तर वर पापुद्रा, खाली पाणी. दुपारी तेही पातळ. चार किलो चक्का आत होता. संध्याकाळी फडकं उघडलं आणि वासच सांगून गेला. त्या चक्क्याची कढी शेजारच्या तीन घरांत गेली, तरी उरली.

कंपनीचा इंजिनिअर तिसऱ्या दिवशी आला. दार उघडलं, बंद केलं, डावीकडं वाकून पोच्याचा फोटो काढला. दोन मिनिटं. जॉबशीटवर लिहिलं, 'फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही', आणि पाइप-गॅस मिळून ६,२०० रुपयांचा अंदाज हातात दिला.

"अहो, कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी लिहिलीय की दारावर!"

"मॅडम, कॉम्प्रेसर एकदम चांगलाय."

यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतला फ्रीजवाला बोलावला, जो जुन्या ट्रॅक्टरला इतकी वर्षं जगवत होता. त्यानं आधी शेगडी बंद करायला लावली आणि खिडक्या उघडल्या. मग दोन्ही तळहात फ्रीजच्या दोन्ही अंगांना लावून नुसता उभा राहिला, तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा. "वहिनी, हात लावा. गार आहे ना? मशीन तर चालूच आहे. चालू फ्रीजची ही अंगं कोमट लागायला हवीत."

मग कळलं ते असं. पूर्वी फ्रीजच्या पाठीवर काळी जाळी असायची, तिच्यातून आतली उष्णता बाहेर पडायची. आता बहुतेक फ्रीजमध्ये तीच नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून, पत्र्याला चिकटवून फिरवलेली असते. पाठ सपाट दिसते, अंगं गरम लागतात, आणि लोक घाबरून फोन करतात की फ्रीज तापतोय. तापायलाच हवा! माझा पोचा नेमका त्या नळीवर. नळी आधी दबली असणार, मग कामाच्या तापण्या-निवण्यात कुठंतरी बारीक चीर गेली आणि गॅस हळूहळू निघून गेला. मागच्या पाटीवर गॅस लिहिलेला होता, आर-६००ए, ५२ ग्रॅम. म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरातल्या गॅसचाच चुलतभाऊ, म्हणून त्यानं शेगडी बंद करायला लावली. सिलिंडरात १४.२ किलो, इथं अख्खा फ्रीज ५२ ग्रॅमवर चालतो. ते गेले की कॉम्प्रेसर रात्रंदिवस धावणार आणि चक्का आंबणार.

"दुरुस्त होईल का?"

"नळी फोमात पुरलीय. ती कोण काढणार? बाहेरून पाठीला जाळी लावून देतो आम्ही, चालतं. पण नव्या फ्रीजला असलं कशाला करताय? बदलून मागा." शंभर रुपये दिले तर घेईना, कढीचा डबा घेतला.

म्हणजे पोचा 'नुसता दिसण्याचा' नव्हता. हे कागदावर हवं म्हणून कंपनीला पुन्हा फोन केला आणि जॉबशीटवर 'डाव्या बाजूच्या पोच्याखाली गळती' एवढं लिहून मागितलं. इंजिनिअरनं मान हलवत लिहिलं. माझ्या मते ह्या सगळ्यातला दुसरा मोठा कागद तो.

पहिला अर्थात अण्णांचा. कारण दुकानात गेल्यावर शेठचं पहिलं वाक्य होतं, "पोचा तुमच्या घरी पडला नसेल कशावरून?" मी पिवळी प्रत काउंटरवर ठेवली. शेठनी ती दोनदा वाचली. मग दुसरं वाक्य, "पण तुम्ही स्टँड घेऊन विषय मिटवला होता की." आणि तिसरं, बिलाच्या तळाकडं बोट करून, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

माझी मैत्रीण एका वकिलांकडं टायपिंग करते. तिच्या बोटांना कलमं पाठ आहेत. ती म्हणाली, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(४७) बघ. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. तिनंच पानभर पत्र टाइप करून दिलं. सोबत बिल, चलन, जॉबशीट, फोटो. शेवटी एक ओळ, की मुदतीत बदलून मिळालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं शुल्क लागत नाही आणि मी राहते तिथंच तक्रार करता येते, हे शेठना माहीत असावं, कारण त्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. पत्राच्या प्रतीवर दुकानाचा शिक्का आणि 'मिळाले' घेतलं. तारीख १५ एप्रिल. स्टँड मी सोबत नेला होता, तोही काउंटरशेजारी ठेवला. "हा तुमचा. आता विषय मिटलेला नाही."

त्याच दुपारी १९१५ला फोन लावला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं, नंबर मिळाला. ते निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीकडं पोचवतात, पण कंपनीत ती वेगळ्या टेबलावर जात असावी. चार दिवसांत मलाच फोन आला, "मॅम, आपली गैरसोय झाली." २२ तारखेला एक शर्टइन साहेब येऊन फोटो काढून गेले. मग दुकान म्हणे कंपनी ठरवेल, कंपनी म्हणे दुकानानं टेंपोत पाडला. त्यांचं आपसात काय ते होवो. बिल दुकानाचं, त्यावर 'डिलिव्हरीसह' लिहिलेलं, त्यामुळं मी रोज सकाळी दहाला दुकानालाच फोन करायचे. एकदाही आवाज चढवला नाही. ह्या दिवसांत शेजारच्या काकूंच्या फ्रीजचा एक कप्पा माझ्या नावावर होता, अर्ध्या ऑर्डरी परत केल्या. त्याची भरपाई मागितली, मिळाली नाही.

२९ एप्रिलला, म्हणजे तिसाव्या दिवशी, बदली फ्रीज आला. तोच मॉडेल. उत्तम चालतोय, बर्फ लवकर होतो, भाजीचा कप्पा मोठा आहे. एक तारा कापला तो दाराच्या आतल्या बाटलीच्या कठड्यासाठी, दोन लिटरची बाटली त्यात डुलते. बदली घेणाऱ्यांनी बिलाचा सिरियल नंबर बघून घ्या. माझ्या बिलावर परत गेलेल्या, पोचेवाल्या फ्रीजचाच होता, दुकान म्हणत होतं चालतंय. मी नवा नंबर आणि बदलल्याची तारीख लिहून घेतली, वर शिक्का घेतला, वाढीव वॉरंटीच्या कागदावरसुद्धा. वॉरंटी मात्र ३० मार्चपासूनच धरली. तो महिना माझा गेला तो गेला.

डिलिव्हरीला तीच दोन पोरं होती. ह्या वेळी खोका खालीच, टेंपोच्या मागं उघडायला लावला. अण्णा जिना उतरून आले, बॅटरी घेऊन. भर उन्हात बॅटरी लावून चारही अंगांवर हात फिरवला. पोरगा पेन पुढं करून म्हणाला, "काका, ह्या वेळी तरी नुसती सही."

अण्णांनी चष्मा चढवला आणि लिहिलं, 'बाहेरून सुस्थितीत. आतून पाहणे बाकी.'