गणपती पेठेतलं स्कॅनिंग-बायंडिंग : काम उत्तम, शोध मात्र डोळ्यांनी घ्या

वडिलांच्या वकिलीच्या कपाटातला इंडियन लॉ रिपोर्ट्सचा (हायकोर्टाच्या निकालांचे छापील खंड), मुंबई मालिकेचा २२ वा खंड इथे स्कॅन करून शिवून घेतला. चार तारे.

बाकीचे खंड रद्दीत गेले तरी चालतील, हा नाही. यात इस्लामपूरच्या 'प्रतोद' या वृत्तपत्रावरचा राजद्रोहाचा खटला आहे. इस्लामपूर आता आमच्या सांगली जिल्ह्यात, पण १८९७ साली साताऱ्यात होतं. त्या वर्षी मे महिन्यात 'प्रतोद'नं स्वतंत्र होण्याच्या तयारीवर लेख छापला आणि दाखला दिला कॅनडाचा. इस्लामपुरात बसून कॅनडा! लागलं कलम १२४ अ, संपादक आणि मालक दोघंही अडकले. अपील मुंबई हायकोर्टात फॅरन, पार्सन्स आणि आपले महादेव गोविंद रानडे या न्यायमूर्तींपुढे चाललं. शिक्षा बरीच खाली आली, गुन्हा मात्र कायम राहिला. रानड्यांचं निकालपत्र वाचताना मला अजून चीड येते. टिळकांचा खटला त्याच सालचा, तो शाळेतल्या पोरांना पाठ असतो. 'प्रतोद'चं नाव इस्लामपूरच्या स्टँडवर विचारून बघा. त्याचा एकही अंक माझ्या पाहण्यात नाही. मला तो भेटला तो सरकारच्याच दप्तरात, आरोपी म्हणून.

तर दुकान. कागद इतका पिकलाय की कोपरा दुमडला की तुकडा हातात. दुसऱ्या एका दुकानात सरळ "कणा कापून मशीनला लावतो" म्हणाले होते. इथल्या ताईंनी पुस्तक अर्धवटच उघडून उतरत्या स्टँडवर ठेवलं, वरून कॅमेऱ्यानं एकेक पान घेतलं. माझ्यासमोर. शिलाई दोऱ्याची, कण्याला कापडी पट्टी, वर काळं रेक्झिन. वडिलांनी समासात पेन्सिलीनं मारलेल्या रेघासुद्धा स्कॅनमध्ये स्पष्ट आल्यात.

एक तारा कापला तो ओसीआरचा, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं मशीननं ओळखण्याचा. शोधता येईल अशी फाइल म्हणून जादा पैसे घेतले, पण इंग्रजी मजकुरात 'प्रतोद'चं कुठे 'प्रेटेड' झालंय, कुठे 'प्रोटोड'. म्हणजे ज्या नावासाठी हा खटाटोप केला, तेच शोधलं की सापडत नाही. ताईंना दाखवलं तर म्हणाल्या, "काका, जुना टाइप आहे, मशीन चुकणारच." मग आधी सांगायचं की! ओसीआर घेऊ नका, नुसतं स्कॅन घ्या.

दुपारी एक ते चार बंद असतं. गाडी लांब लावा, बोळात वळत नाही.