पोर्शे ९११: एससी घ्यावी की कॅरेरा ३.२?

एससीच्या (१९७८–८३) इंजिनात सिलिंडर हेड आवळून धरणारे स्टड (लांब बोल्ट) तुटतात. खालचं व्हॉल्व्ह कव्हर काढलं की कधी कधी तुटका तुकडा नटासकट हातात पडतो; ते पाहिल्याशिवाय भावाची बोलणी नकोत. गार इंजिन सुरू करताना बॅकफायर झाला तर प्लास्टिकचा एअरबॉक्स (इंजिनात जाणाऱ्या हवेची पेटी) फुटतो, म्हणून तो दाब बाहेर सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय का, तेही बघा. तेलाच्या दाबावर चालणारे चेन टेन्शनर (इंजिनातली चेन ताणून धरणारे भाग) एससीत मागाहून बसवावे लागतात, कॅरेरात (१९८४–८९) मूळचेच असतात.

कॅरेराचं दुखणं व्हॉल्व्ह गाइडचं (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी): ती झिजली की गाडी तेल पिते. १९८७पासूनचा जी-५० गिअरबॉक्स आधीच्या ९१५पेक्षा सफाईदार, साहजिकच भाव चढा.

इंजिन उघडायची वेळ आलेली कॅरेरा घेण्यापेक्षा स्टड बदलल्याची बिलं असलेली एससी केव्हाही बरी. रंगाच्या चकाकीला शून्य गुण.