सेमी-हॉलोला ट्रेमोलो: बिग्सबी लावावा की लेस ट्रेम?

गिब्सनच्या ईएस-३३५ च्या घराण्यातली, म्हणजे बाजूंनी पोकळ पण मध्ये लाकडी ठोकळा (सेंटर ब्लॉक) असलेली सेमी-हॉलो गिटार घेतलेल्या माणसाला पहिल्या वर्षी पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) बदलावेसे वाटतात आणि दुसऱ्या वर्षी ट्रेमोलो, म्हणजे तारांचा सूर हेलकावणारी दांडी, लावावासा वाटतो. पिकअप पसंत पडले नाहीत तर जुने परत बसवता येतात. ट्रेमोलोचं तसं नाही, कारण त्यातल्या एका पर्यायात लाकडाला ड्रिल मारावं लागतं. फ्लॉइड रोझ आणि काहलर या ट्रेमोलोंना मी इथे बोलावलेलंच नाही. सेंटर ब्लॉक कोरून आत काही बसवायचं असेल तर सेमी-हॉलो घेतली कशाला? उरतात दोन: बिग्सबीचा बी-७ (किंवा लायसन्सवर बनणारा त्याचा स्वस्त भाऊ बी-७०) आणि जर्मनीच्या ड्यूसेनबर्गचा लेस ट्रेम. पहिला मी एका सेकंडहँड गिटारवर वापरला, तिच्यावर तो आधीपासूनच होता. दुसरा माझ्या एपिफोन डॉटवर आहे.

कॅसिनो किंवा ईएस-३३० (या पूर्ण पोकळ गिटारी) वाल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. त्यांच्या गिटारमध्ये ब्लॉक नाही आणि वर टेलपीस (तारांची मागची टोकं अडकवायची पट्टी) धरणारे स्टडही नाहीत, त्यामुळे लेस ट्रेम अडकवायला जागाच नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

आधी बिग्सबीबद्दल चांगलं बोलून घेतो, कारण ते मनापासून बोलायचंय. पॉल बिग्सबी हा कॅलिफोर्नियातला मोटरसायकलवेडा मशीनिस्ट. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या गिटारवरचा ट्रेमोलो सुरात राहीना, म्हणून त्याने स्वतःच एक घडवला, आणि आज मिळणारा बिग्सबी मूळ कल्पनेत फारसा बदललेला नाही. कंपनी हातोहात फिरली. १९६६ मध्ये गिब्सनचे माजी अध्यक्ष टेड मकार्टी यांनी ती घेतली, १९९९ मध्ये ग्रेचने आणि २०१९ मध्ये फेंडरने. दांडी मात्र तीच. त्या दांडीखाली एक जाड स्प्रिंग आणि हाताला मिळणारा तो मऊ, लोण्यासारखा प्रतिसाद. कॉर्ड वाजवून तळहाताने नुसतं टेकवलं तरी सगळा स्वर हलकेच डुलतो. ड्युएन एडी यांच्या ग्रेचवर हाच होता, चेट ॲटकिन्स यांच्याही. तो डौल लेस ट्रेममध्ये शंभर टक्के येत नाही. माझ्या हाताला लेस ट्रेम थोडा ताठ लागतो आणि त्याची दांडी किंचित आखूड वाटते. दिसायलाही बिग्सबी सरसच, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता बसवण्याचं. बी-७ सरळ लावायचा तर पुढच्या बाजूला टॉपमध्ये स्क्रू जातात आणि मागे स्ट्रॅपच्या खुंटीपाशी बिजागरीची पट्टी येते. इथे दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. एक, मध्यरेषा बॉडीवरून मोजायची नाही, नेकवरून मोजायची. दोन्ही ई तारांच्या जागी दोरा ताणून बघितल्याशिवाय ड्रिलला हात लावू देऊ नका, कारण नेक केसभर तिरकी असेल तर तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरत राहते. दुसरी गोष्ट ग्राउंडची, म्हणजे तारांना सर्किटशी जोडणाऱ्या वायरीची. बऱ्याच गिटारींत ग्राउंडची वायर टेलपीसच्या एका स्टडच्या बुशिंगखाली (स्टड ज्यात फिरतो ती लाकडातली धातूची नळी) दाबलेली असते. स्टॉप टेलपीस काढून बिग्सबी वेगळ्या जागी बसवला की तारा त्या स्टडला शिवतच नाहीत, आणि तारांना हात लावल्यावर जो हम (घूं असा आवाज) विरायला हवा तो विरत नाही. मग एफ-होलमधून (टॉपवरच्या एफ आकाराच्या भोकातून) नवी वायर ओवत बसा. सॉलिड बॉडीत हे दहा मिनिटांचं काम, सेमी-हॉलोत एका संध्याकाळचं. शिवाय स्टडची जुनी भोकं उघडी दिसतात ती वेगळीच. सुरुवातीच्या काळात गिब्सनने स्वतः बिग्सबी लावून पाठवलेल्या काही ३३५ वर ती भोकं ‘कस्टम मेड’ असं कोरलेल्या छोट्या पट्टीखाली झाकली होती. लाज झाकायची आणि वर मिरवायचंही, हे गिब्सनलाच जमावं.

लेस ट्रेम स्टॉप टेलपीसच्या जागी त्याच बुशिंगमध्ये बसतो. ड्रिल नाही, आणि ग्राउंड जिथल्या तिथे. पुढे कधी गिटार विकायची झाली तर जुना टेलपीस परत लावला की कुणाला कळणारही नाही.

न्यायाने सांगायचं तर बिग्सबीलाही ड्रिलशिवाय बसवता येतं. व्हायब्रामेट कंपनीची ३३५ साठीची पट्टी मिळते, ती टेलपीसच्या जागांचाच आधार घेते. म्हणजे भोकांचा मुद्दा पैशाने सुटतो, आणि मीही केवळ भोकांसाठी बिग्सबी सोडला नसता. सोडला तो तारा बदलण्यासाठी.

बिग्सबीत प्रत्येक तारेचा बॉल-एंड (टोकाची धातूची गोळी) आडव्या शाफ्टवरच्या एका छोट्या पिनवर अडकवायचा असतो. तार शाफ्टखालून घ्यायची, वळवून वर आणायची, मग बी-७ मध्ये ताण देणाऱ्या आडव्या पट्टीखालून काढून ब्रिजवर (बॉडीवरच्या तारांच्या टेकूवर) न्यायची. तिथून खुंटीपर्यंत एका हाताने ताण धरून ठेवायचा, कारण ताण जरा सैल झाला की बॉल पिनवरून टुपकन निसटतो. खुंटीवर दोन वेढे झालेले असतात आणि मागे तार मोकळी लोंबत असते. पुन्हा पहिल्यापासून. यावर उपाय सगळ्यांना माहीत आहेत: तारेचं टोक आधीच पेन्सिलीभोवती वाकवून घेणे, शाफ्टखाली स्पंजचा तुकडा कोंबणे, कॅपो (नेकवर बसणारी पकड) लावून तार दाबून धरणे. मी तिन्ही केले. तिन्ही चालतात, आणि तिन्हीला तिसरा हात लागतो. त्यातून हौसेने सगळ्या तारा एकदम काढल्या, फ्रेटबोर्ड पुसायला म्हणून, तर दांडी सैल पडते, स्प्रिंग आपल्या वाटीतून निघते आणि तिच्याबरोबरचा वायसर पलंगाखाली जातो.

वर्षातून दोनदा तारा बदलणाऱ्याला हे सगळं गंमतीचं वाटेल, आणि ते बरोबरच आहे. पण मी मुंबईत राहतो, हाताला घाम येतो आणि जून ते सप्टेंबर साध्या स्टीलच्या तीन बारीक तारा बघता बघता खरखरीत होतात. कोटेड तारा जास्त टिकतात खऱ्या, तरी त्यांचा गुळगुळीतपणा मला सेमी-हॉलोवर रुचत नाही (ही माझी खोड, तुम्हाला चालत असेल तर हा सगळा परिच्छेद निम्म्या वजनाने वाचा). आणि कार्यक्रमात मधेच बी तार तुटली तर? लेस ट्रेमवर तार भोकातून ओवायची, बॉल आपोआप अडकतो, खुंटी फिरवायची. स्टॉप टेलपीसइतकंच सोपं.

व्हायब्रामेटचा ‘स्पॉइलर’ नावाचा एक छोटा तुकडाही येतो. तो पिनांवर बसतो आणि बॉल अडकवायला नीट खाच देतो. चांगली वस्तू आहे. पण हिशोब करा: बिग्सबी, वर पट्टी, वर स्पॉइलर, आणि तिन्ही बाहेरून मागवायचे असतील तर तिन्हींवर कस्टम ड्युटी. एवढं करून आपण तिथे पोहोचतो जिथून लेस ट्रेमची सुरुवात होते. लेस ट्रेमही स्वस्त नाही, पण पार्सल एकच येतं.

सुरात कोण जास्त राहतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात कंटाळवाणं आहे: नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचा असलेली पट्टी. तीन-तीन खुंट्यांच्या मागे झुकलेल्या हेडस्टॉकवर डी आणि जी तारा नटमधून बाहेर पडताना बाजूला वळतात, आणि खाच जरा अरुंद असेल तर तिथेच अडकतात. दांडी सोडल्यावर एखादी तार सुराबाहेर राहते ती यामुळे, ट्रेमोलो कुठलाही असो. आधी खाचा नीट घासून घ्या, त्यात पेन्सिलीचं शिसं भरा, जमलं तर ग्राफ टेकचा नट लावा. महागड्या लॉकिंग खुंट्यांनी हे दुखणं जात नाही.

ब्रिजच्या बाबतीत मात्र दोघांत फरक आहे. बी-७ ची ती आडवी पट्टी तारांना खाली दाबते, त्यामुळे ब्रिजमागचा कोन तीव्र होतो आणि सॅडलवर (ब्रिजवरच्या, तार टेकवणाऱ्या छोट्या तुकड्यांवर) घर्षण वाढतं. लेस ट्रेममध्ये माझ्या गिटारवर हा कोन सौम्य आहे. अकराचा (जाडसर तारांचा) सेट लावूनही मी साध्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर, सॅडलच्या खाचा गुळगुळीत करून, भागवतोय. बिग्सबीबरोबर रोलर ब्रिज घ्यावासा वाटेल. घ्या, पण चांगला घ्या, कारण ढिले रोलर खुळखुळतात आणि सेमी-हॉलोत तो आवाज घुमतो. सस्टेनबद्दल (स्वर किती वेळ टिकतो) लोक बरंच काही म्हणतात. मला स्टॉप टेलपीसच्या तुलनेत दोन्हींत थोडा कमी जाणवला, लेस ट्रेममध्ये त्यातल्या त्यात बरा. तो कानाचा भासही असू शकतो. ब्रिजमागच्या मोकळ्या तारांचा झंकार बिग्सबीत जास्त, आणि काहींना तोच हवा असतो.

वजन आणि केस हे किरकोळ मुद्दे. बिग्सबी हाताला जाणवेल इतका जड आहे, आणि हार्ड केसचं झाकण दांडीवर टेकत नाही ना, हे लावण्याआधी बघून घ्यावं.

तुम्ही रॉकबिली किंवा सर्फ वाजवत असाल, उजवा हात अर्धा वेळ दांडीवरच राहणार असेल, किंवा गिटार घेतानाच बिग्सबी लावलेली मिळत असेल, तर बिग्सबीच घ्या आणि वर एक स्पॉइलर. मी मुख्यतः कॉर्डच्या शेवटी थोडा हेलकावा द्यायला ट्रेमोलो वापरतो, तेवढ्यासाठी लेस ट्रेममध्ये मला काही कमी पडलेलं नाही.

मागवताना एकच गोष्ट तपासा: आटे. अमेरिकन गिब्सनचे टेलपीस स्टड ५/१६ इंची असतात, इंचाला २४ आटे. एपिफोन, आयबानेझ यांसारख्या आशियात बनणाऱ्या गिटारींत बहुधा ८ मिमीचे, १.२५ मिमी पिचचे. जाडीतला फरक नखाएवढाही नाही, म्हणून चुकीचा स्टड पहिले दोन वेढे गुमान आत जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला तर बुशिंगचे आटे जातात आणि ते लाकडातून उपटून नवीन बसवावं लागतं. आपल्या गिटारचा जुना स्टड काढा, त्याचा नट-बोल्टच्या दुकानात एम-८ च्या नटाशी मेळ घालून बघा, आणि मगच ऑर्डर टाका.