प्रथमोपचार पेटी: सामान उत्तम, खूण चुकीची

गाडीत ठेवायला घेतली. आतलं सामान चोख: बँडेजचे रोल घट्ट, कात्री धारदार, चिकटपट्टी घामातही सुटत नाही. पण झाकणावर पांढऱ्यावर लाल क्रॉस छापलाय, तो मला फार खटकतो. मी लष्कराच्या वैद्यकीय पथकात होतो. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून ही खूण रणांगणात सांगते, इथे जखमी आणि त्यांचे शुश्रूषक आहेत, गोळी झाडू नका. ती डब्याडब्यावर दिसू लागली तर ऐन वेळी तिला कोण जुमानणार? आपल्याकडे १९६० च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती वापरताच येत नाही, जप्ती आणि दंडाची तरतूद आहे. प्रथमोपचारासाठी हिरव्यावर पांढरा क्रॉस असतोच की! कंपनीने तो छापावा. तोवर तीनच तारे.