‘देशी फुलपाखरू बाग’ संच: नऊ रोपं चांगली, सोबतचं कार्ड घातक

पुण्यातल्या एका रोपवाटिकेच्या या संचात बारा बहुवर्षायू रोपं येतात. कोरांटी तीन, अडुळसा दोन, निर्गुडी, धायटी, रुई आणि कढीपत्ता एकेक. ही नऊ अस्सल इथली. उरलेली तीन म्हणजे घाणेरी, हळदीकुंकू आणि पेंटास. पहिली दोन अमेरिकेतून आलेली, तिसरं आफ्रिकेतलं. हळदीकुंकवावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात हे खरं, पण ते काम रुई करतेच. घाणेरीने तर रानंच्या रानं गिळलीत. तिला ‘देशी’ची चिठ्ठी लावायची म्हणजे कमालच!

नऊ रोपांच्या निवडीत मात्र डोकं चाललंय. पावसाळा सरताना कोरांटी फुलते, थंडीत अडुळसा, उन्हाळ्याच्या तोंडाशी धायटी, आणि रुई जवळजवळ बारमाही. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू अंडी घालतं.

रोपं मरतात ती पिशवीतल्या कोकोपीटमुळे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशामुळे. काळ्या मातीत त्याचा गोळा वेगळाच राहतो: पावसात चिंब, उघडीप पडली की कोरडा, आणि मुळं बाहेर सरकतच नाहीत. लावण्याआधी पिशवी अर्धा तास बादलीत बुडवा, निम्मं कोकोपीट झाडून टाका, गोल फिरलेली मुळं मोकळी करा. रुईची मुळं मात्र हलवू नका, सोटमूळ दुखावलं की रोप बसलंच. (तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.) दीड फुटाचा खड्डा, निघालेलीच माती, घमेलंभर मुरूम आणि दोन ओंजळी शेणखत पुरे. खत जास्त झालं की पाला माजतो, फुलं घटतात. निर्गुडी-धायटीला सहा फूट अंतर हवं, कोरांटीला दोन.

कार्डावर लिहिलंय, ‘दर पंधरा दिवसांनी इमिडाक्लोप्रिड फवारा’. फुलपाखरांच्या बागेत! हे कीटकनाशक झाडात भिनतं, मधात आणि परागात उतरतं. रुईवरचा पिवळा मावा पाण्याच्या झोताने पाडा, उरलेला ढालकिडे खातात. खरेदीआधी रोपवाटिकेतली शेवटची फवारणी कधीची, तेही विचारा. धायटी ऑक्टोबरात छाटा, हा सल्लाही चुकीचा. फुलं जुन्या फांद्यांवर येतात, म्हणून छाटणी बहर संपल्यावर, पावसाआधी.

हीच नऊ रोपं तिथे सुटी मिळतात. पेंटासच्या पैशात सापसंदाचा वेल मागा, क्रिमझन रोझच्या अळ्या त्यावर वाढतात.