एचपीव्हीबाधित स्त्रियांमधील ऑक्सिडेटिव्ह ताण: कोणता नमुना, कोणती चाचणी?

एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (क्रियाशील ऑक्सिजन-रेणू वाढून पेशींना होणारी इजा) हा प्रबंधाचा विषय ठरला की विद्यार्थी आधी किटची किंमत विचारतो. वास्तविक आधी ठरवायचा तो नमुना. हा विषाणू गर्भाशयमुखाच्या अस्तरातील पेशींतच मुक्काम करतो, त्यामुळे सीरममधील, म्हणजे रक्ताच्या पेशीविरहित द्रवातील, वाढीव आकडा त्या जागेमुळे आहे की मधुमेहामुळे, की रुग्णेच्या मिशरीमुळे, हे सांगता येत नाही. सायटोब्रशने, म्हणजे गर्भाशयमुखावरून पेशी खरवडण्याच्या छोट्या ब्रशने, काढलेल्या पेशी नेमक्या जागेच्या असतात, मात्र त्या मोजक्याच मिळतात, ब्रशला रक्त लागले तर हिमोग्लोबिन मोजणीत लुडबुड करते, आणि दर मिलिग्रॅम प्रथिनामागे आकडा मांडल्याखेरीज दोघींची तुलना करता येत नाही.

चाचण्यांमध्ये सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत लाडकी म्हणजे थायोबार्बिट्युरिक आम्लाची. मेदाच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारे मॅलॉनडायअल्डिहाइड या आम्लाशी जोडले जाते, आम्लधर्मी द्रावणाची नळी तापवल्यावर गुलाबी रंग येतो आणि तो ५३२ नॅनोमीटरवर वाचला जातो. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाची तीव्रता मोजणारे यंत्र) एवढ्यासाठी पुरतो. अडचण अशी की इतर अल्डिहाइडे, काही शर्करा आणि बिलिरुबिनही या वाचनात भर घालतात, शिवाय तापवताना नळीतच नवे ऑक्सिडीकरण होते, जे रोखण्यासाठी आधीच बीएचटी हे ऑक्सिडीकरण थांबवणारे रसायन घालावे लागते. तोच गुलाबी पदार्थ एचपीएलसीने (मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने) वेगळा करून मोजला, तर आकडा बराच विश्वासार्ह होतो.

डीएनएवरील घाव दाखवणारे ८-ओएचडीजी (डीएनएतील ग्वानिनच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारे रसायन) कर्करोगाच्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. लघवीत ते सहज मोजता येते, लघवी पातळ की घट्ट याची क्रिएटिनिनने दुरुस्तीही करता येते. पण ती साऱ्या शरीराची बेरीज असते, आणि एलायझाचे (प्रतिपिंडांवर आधारित किटचे) आकडे रेणूंचे वजन मोजणाऱ्या अधिक नेमक्या मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा चढे येतात. पेशींतून डीएनए काढायला जावे, तर काढतानाच ग्वानिनचे ऑक्सिडीकरण होण्याचा धोका असतो.

एकूण अँटिऑक्सिडंट क्षमतेसाठी वापरली जाणारी फ्रॅप चाचणी मी या कामासाठी सुचवणार नाही, कारण प्लाझ्मामधील तिच्या आकड्याचा सुमारे ६० टक्के वाटा एकट्या युरिक आम्लाचा असतो आणि ग्लुटाथायोन हे पेशींतील महत्त्वाचे अँटिऑक्सिडंट तिच्यात जवळजवळ दिसतच नाही.

यांपैकी एकही चाचणी निदानासाठी नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले ते एचपीव्ही डीएनए तपासणीच्या एकाच फेरीने. त्या तपासणीची जागा मॅलॉनडायअल्डिहाइड घेऊ शकत नाही.

म्हणून एचपीएलसी उपलब्ध असेल तर ब्रशच्या पेशींतील मॅलॉनडायअल्डिहाइड आणि जोडीला ग्लुटाथायोन निवडावे, आणि नुसता स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर तीच जोडी घेऊन मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहाव्यात. नमुने उणे ८० अंशांवर ठेवावेत, आणि माहितीपत्रकात ‘धूम्रपान’ एवढेच न विचारता मिशरी आणि तंबाखू यांसाठी वेगळा रकाना ठेवावा, कारण ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला मिशरी लावणारी बाई ‘नाही’ असेच उत्तर देते.