सर्ज एक्सटी: फुकटचा सिंथ आणि १४ सेंटचा गंधार

पैसे मोजून घेतलेल्या एका सिंथने (संगणकावर आवाज घडवणारं सॉफ्टवेअर वाद्य) लॅपटॉपची डिस्क बदलताच लायसन्स ओळखायला नकार दिला. सपोर्टला कितीही लिहा, तेच छापील उत्तर. तेव्हापासून काही महिने सगळं काम सर्ज एक्सटी आणि व्हायटलची मोफत आवृत्ती या दोन सिंथवर चाललंय. दोन्हींत काय काय आहे ते मोजत बसत नाही, थेट मुद्द्यावर येतो.

सर्जला एक पैसा लागत नाही. क्लास योहान्सन यांनी विक्रीत असलेला हा सिंथ २०१८ मध्ये ओपन सोर्स केला, एक्सटी ही त्याची नवी आवृत्ती आली २०२२ मध्ये. लॉगिन नाही, ॲक्टिव्हेशन नाही. व्हायटलच्या मोफत आवृत्तीतही इंजिन पूर्ण मिळतं. पुढे २५ किंवा ८० डॉलर भरले की मुख्यतः प्रीसेट (तयार आवाज) आणि वेव्हटेबल (आवाजाच्या मूळ लहरींचे संच) वाढतात. स्वतः आवाज घडवणाऱ्याने त्यासाठी कार्ड बाहेर काढायची गरज नाही, वरून बँकेचा परकीय चलनाचा आकार बसतो तो वेगळाच.

सुरुवातीला माझं मत व्हायटलकडे झुकलेलं होतं. एलएफओ (एखादी सेटिंग आपोआप खालीवर हलवणारी संथ लहर) उचलून नॉबवर सोडला की झालं, आणि काय हलतंय ते डोळ्यांना दिसतं. सर्जमध्ये मॉड्युलेटर (एलएफओसारखा हलवणारा स्रोत) निवडून मॉड्युलेशन (म्हणजे हे हलवणं) चालू करायचं, मग स्लायडर ओढायचा. ते बंद करायचं राहिलं की पुढचा प्रत्येक स्लायडर मूळ मूल्य बदलण्याऐवजी मॉड्युलेशनची मात्रा बदलतो. पॅच (घडवून जपलेला आवाज) 'आपोआप बिघडला' अशी तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. अक्षरं बारीक वाटली तर मेन्यूतून झूम वाढवा.

व्हायटलची खरी अडचण सीपीयूची. तीन ऑसिलेटर (लहर तयार करणारे भाग), प्रत्येकी ८ युनिसन (एकाच सुराच्या प्रती) आणि चार सुरांची कॉर्ड, म्हणजे एका वेळी ९६ लहरी. त्यात रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरायचा वेळ) लांब असेल तर आधीची कॉर्ड विरायच्या आत पुढची येते आणि आकडा दुप्पट होतो. युनिसन ४ वर आणा, तिसरा ऑसिलेटर बंद करा, ओव्हरसॅम्पलिंग (आवाज साफ यावा म्हणून जास्तीचं गणित) रेकॉर्ड करताना १ आणि अंतिम ऑडिओ फाइल काढताना वाढवा. जुन्या आय-फाइव्ह प्रोसेसरवर एवढ्याने भागतं.

मत फिरलं ते ट्युनिंगमुळे, आणि आता सगळं परीक्षण त्याच एका गोष्टीभोवती फिरणार, त्याला इलाज नाही. काळी एकचा तानपुरा घ्या. जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झला, त्यांचा पाचवा स्वरांश (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा, त्याच्यासोबत वाजणारा सूर) ६९३ हर्ट्झला, हाच स्वयंभू गंधार. त्यावर समान सप्तकातला (पियानोसारखा, बारा सारख्या भागांत वाटलेला) गंधार पॅडने, म्हणजे सिंथच्या लांब धरलेल्या आवाजाने, धरला की त्याचा दुसरा स्वरांश पडतो ६९८.५ वर. फरक साडेपाच हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पाच-सहा ठोके. पॅड 'गढूळ' वाटतो म्हणून लोक ईक्यूने काही पट्टे कापत बसतात, रिव्हर्ब (घुमारा) कमी करतात. दोष सुरात आहे: ४०० सेंटचा गंधार ३८६ वर, म्हणजे १४ सेंट खाली हवा (सेंट म्हणजे समान सप्तकातल्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग).

त्यासाठी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये स्काला फाइल (सप्तकातले सूर सिंथला सांगणारी यादी) बनवा आणि नावाला एससीएल हे एक्स्टेन्शन द्या. पहिल्या ओळीत वर्णन, दुसरीत १२, मग एका ओळीवर एक: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, २/१. षड्ज लिहायचा नाही, तो गृहीत असतो. आकडे इंग्रजी अंकांतच टाका. सेंटमध्ये लिहायचं असेल तर दशांश टिंब हवंच: नुसतं ३८६ लिहिलं तर ते ३८६ पट असं वाचलं जातं आणि सूर आकाशात जातो.

एवढ्याने षड्ज पांढरी एकवरच राहतो. काळी एकसाठी केबीएम फाइल (कोणता सूर कोणत्या पट्टीवर ते सांगणारी) लागते. तिच्या ओळी क्रमाने: १२, ०, १२७, ६१, ६१, २७७.१८३, १२, आणि मग ० ते ११. दोन्ही फाइल सर्जच्या खिडकीवर ओढून टाका. ट्युनिंग एडिटरमध्ये प्रत्येक पट्टीची फ्रिक्वेन्सी दिसते, तिथे गंधार ३४६.४८ आला का ते बघा.

स्काला फाइल व्हायटलही घेतो. पण सर्जमध्ये ट्युनिंग मॉड्युलेशननंतर लागू करायचा पर्याय आहे. तो निवडून पिच बेंडची (कीबोर्डवरच्या सूर ओढायच्या चाकाची) मर्यादा ४ अर्धस्वर ठेवली की षड्जावरून ओढलेली मींड ३८६ वर थांबते. ट्युनिंग मिडी इनपुटला (कीबोर्डवरून पट्टी आत येते तिथेच) लावलं तर तीच मींड ४०० वर जाते, म्हणजे पट्टी सुरात आणि मींड बेसूर. पोर्टामेंटोपेक्षा (एका पट्टीवरून दुसरीवर आपोआप घसरणारा सूर) या बेंडवर हात बसवलेला बरा.

हे ट्युनिंग सगळीकडे मात्र लावू नका. भावगीताखाली कॉर्ड चालणार असतील तर रे-म-ध ही कॉर्ड फसते, कारण रे ते ध हे अंतर ७०२ ऐवजी ६८० सेंट होतं. गिटार किंवा पियानो सोबत असेल तर समान सप्तकच राहू द्या. आणि सगळ्या रागांना एक फाइल पुरणार नाही: भूपाला ५/३ चा धैवत चालतो, देशकाराला २७/१६ करून पाहा.

सर्जच्या स्ट्रिंग ऑसिलेटरवर (तारेचा आवाज काढणारा भाग) तानपुरा होईल अशी आशा होती. छेडलेली तार सुरेख निघते, जवारी (तानपुऱ्याचा तो झणझणीत गुंजारव) काही येत नाही. तानपुरा खराच रेकॉर्ड करा.

प्रोजेक्ट दुसऱ्याकडे पाठवताना दोन्ही फाइल त्याच फोल्डरमध्ये टाका आणि सिंथचा ट्रॅक ऑडिओ करूनच द्या.